तलाव कुणाचा, सभासद कोण?



दर वर्षी १० जुलै हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. १९५७ साली याच दिवशी डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ओडिशात संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प जातीच्या माशांची अंडी मिळवण्यात यश आलं. रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यात नदीच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात, तळ्याच्या साचलेल्या पाण्यात घालत नाहीत. त्यामुळे तोपर्यंत तळ्यात सोडायचं बीज नदीतूनच धरून आणावं लागे. या प्रयोगानंतर ते बीजकेंद्रात तयार होऊ लागलं आणि समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या गावतळ्यातही माशांची शेती करणं सोपं झालं. ही गोष्ट मोठी आहे, तिचा दिवस साजरा व्हायलाच हवा.

पण या दिवशीच्या कार्यक्रमांत व्यासपीठावर कोण बसतं, शाल-श्रीफळ कुणाला मिळतं, पोस्टरवर जाळं कुणाच्या खांद्यावर असतं, हे जरा आठवून पाहा. मत्स्यशेतकरी म्हटलं की डोळ्यांसमोर पुरुष येतो. डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव फिरणारी बाई दिसलीच तर ती ‘मासे विकणारी’ म्हणून दिसते. तळ्यातलं तण काढण्यापासून बीज सांभाळणं, खाद्य तयार करणं, मासे निवडणं, वाळवणं, विकणं, उधारी वसूल करणं या सगळ्या साखळीत तिचे हात असतात. तरीही ती शेतकरी ठरत नाही. ती फक्त ‘मदत करते’.

हे शब्द आपल्या चांगल्या ओळखीचे आहेत. शेतीच्या बाबतीत आपण ते वर्षानुवर्षं ऐकले. निंदणी-कापणी बाईनं करायची आणि सात-बारा पुरुषाच्या नावावर राहायचा. त्याविरुद्ध शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीनं लक्ष्मीमुक्तीचं आंदोलन केलं, घरची थोडी तरी जमीन बाईच्या नावावर करून द्या म्हणून गावंच्या गावं पुढे आली. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना हक्क दिला. या लढाया अजून पुऱ्या झालेल्या नाहीत, पण निदान मागायचं काय ते आपल्याला ठाऊक झालं. पाण्याच्या बाबतीत मात्र चळवळीतही आपण फारसं बोललेलो नाही. गावतळं कुणा एकाच्या मालकीचं नसतं, मग ते बाईच्या नावावर कसं करणार? तिथे हक्काचा कागद कोणता? पूर्व विदर्भातल्या तलावांवर जगणाऱ्या ढिवर बायांच्या निमित्तानं या अंकात हाच प्रश्न आपल्यापुढे ठेवायचा आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हे जिल्हे आणि नागपूरचा काही भाग म्हणजे तलावांचा मुलूख. गोंड राजांच्या काळापासून, प्रामुख्यानं कोहळी समाजातल्या जाणत्यांच्या कौशल्यातून हे हजारो तलाव उभे राहिले. उतारावरून येणारं पाणी मातीची पाळ घालून अडवायचं आणि खालच्या अंगाला धान आणि ऊस भिजवायचा, अशी त्यांची रचना. नवेगाव बांध हे त्यातलं सर्वांना माहीत असलेलं नाव. इंग्रजी अमलात हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले आणि कागदोपत्री ‘माजी मालगुजारी तलाव’ झाले. लोकांनी त्याचं केलं ‘मामा तलाव’. मामाचं घर म्हणतो खरं, पण इथे भाचीला काही हक्क नाही, हीच आपली तक्रार आहे.

या तलावांतल्या माशांवर पिढ्यान्‌पिढ्या जगत आला तो ढिवर समाज. या घरांकडे बहुधा शेतजमीन नाही, असली तर तुकडा. राज्याच्या यादीत हा समाज भटक्या जमातींत मोडतो, त्यामुळे शेजारच्या आदिवासी पाड्याला लागू होणाऱ्या कितीतरी योजना त्याला लागू होत नाहीत. तलावाची जमीन सरकारची, पाणी शेतकऱ्याचं आणि मासा ढिवराचा, तोही ठेक्याची रक्कम भरली तर. पावसानं दगा दिला आणि धान सुकायला लागलं की तलावाचं पाणी सोडलं जातं. धान वाचावं याबद्दल कुणाचं दुमत नाही. पण तळाशी किती पाणी राखायचं, कधी थांबायचं, हे ज्या बैठकीत ठरतं तिथे ढिवर पुरुषाचाच आवाज क्षीण असतो. बाईला तर बैठक झाल्याचं तळ्याचं पाणी उतरल्यावर कळतं.

तलावातली मासेमारी सर्वसाधारणपणे मच्छीमार सहकारी संस्थेला ठरावीक मुदतीच्या ठेक्यानं मिळते. संस्था ठेका भरते, बीज आणून सोडते, सभासद मासे काढतात आणि ठरलेल्या हिशेबानं वाटणी होते. व्यवस्था म्हणून ही चांगली आहे. सगळे तलाव पैसेवाल्या ठेकेदाराच्या घशात जाऊ नयेत म्हणून तर सहकाराची वाट निघाली. अडचण दारातच आहे. एका घरातून एक सभासद आणि तो एक म्हणजे कर्ता पुरुष, अशी बहुतेक ठिकाणची रीत आहे. ही रीत कायद्यातून आलेली नाही. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात बाईला सभासद करू नका असं कुठेही लिहिलेलं नाही. उलट संस्थेच्या समितीत महिलांसाठी जागा राखून ठेवण्याची तरतूद त्यात आहे. पण सभासदांच्या यादीतच बाई नसेल तर राखीव जागेवर बसणार कोण? मग ती जागा रिकामी राहते, नाहीतर ऐन वेळी कुणाच्या तरी पत्नीला कागदापुरतं सभासद करून भरून टाकली जाते. सभेला तिचा अंगठा जातो, ती जात नाही.

सभासद नसण्याचा अर्थ बाईच्या आयुष्यात काय होतो, तो नीट पाहू. तिला वाटणीत स्वतःचा वाटा नाही, नवऱ्याच्या वाट्यातून तो जे देईल ते तिचं. तलावात कोणतं बीज सोडायचं, किती सोडायचं, मासा कधी काढायचा, गावात कोणत्या भावानं विकायचा आणि व्यापाऱ्याला कोणत्या भावानं द्यायचा, यातल्या एकाही गोष्टीत तिला मत नाही. व्यापाऱ्याची गाडी पाळीवर येऊन उभी राहिली की मोठा मासा थेट गाडीत चढतो आणि तिच्या पाटीत उरलासुरला येतो. प्रशिक्षणाचं पत्र संस्थेकडे येतं, ते सभासदांसाठी असतं. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमाराचा अपघाती मृत्यू झाला किंवा त्याला कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख रुपयांचं विमासंरक्षण ठेवलेलं आहे, पण ते नोंद झालेल्यांसाठी. उथळ पाण्यात कमरेइतकं उतरून तण काढताना बाईला काही झालं तर ती कुणाच्या यादीत असते? आणि नवरा गेला तर संस्थेतली त्याची जागा मुलाकडे नाहीतर दिराकडे जाते. काल सकाळपर्यंत त्याच तलावावर राबणारी बाई आज तिथे परकी होते. आपल्या समुपदेशन केंद्रांत येणाऱ्या एकट्या बायांच्या कहाण्या आपण ऐकतो तेव्हा घर, दागिने, पोटगी यांची विचारणा करतो. तलावाच्या हक्काची विचारणा आपणही करत नाही.

हा विषय काढला की गावोगावच्या बैठकांत पुरुषांकडून साधारण तीन कारणं पुढे येतात. जाळं पुरुष ओढतो, बाई नाही, हे पहिलं. जाळं ओढणं जड काम आहे हे मान्य. पण मत्स्यशेती म्हणजे वर्षातून काही दिवस जाळं ओढणं एवढंच असतं का? उरलेल्या महिन्यांत जे काम असतं, त्याला कष्ट म्हणायचं की नाही? दुसरं कारण रात्रीच्या राखणीचं. चोरी होते, रात्री पाळीवर बसावं लागतं, बाया कशा बसणार? याचं उत्तर बायांनीच अनेकदा दिलेलं आहे. दिवसाची राखण त्या करतातच आणि गटानं असतील तर रात्रीचीही पाळी लावता येते. आणि रात्री बाईनं घराबाहेर असणं धोक्याचं आहे, हे तर गावानं लाजेनं मान्य करावं असं कारण आहे. त्याची शिक्षा बाईला का?

तिसरं कारण मात्र खरं आहे आणि ते टाळून चालणार नाही. तलाव लहान, सभासद आधीच जास्त, बायांना घेतलं तर वाटणी आणखी पातळ होईल. गरिबाच्या घरातली ही भीती आहे, तिला पुरुषी कावा म्हणून झिडकारू नये. पण यावर तोड निघू शकते. उत्पन्नाचा वाटा घरामागे एकच ठेवा, मात्र त्या वाट्यावर नवरा-बायको दोघांची नावं लिहा आणि मताचा अधिकार प्रत्येक कष्टकऱ्याला द्या. एकट्या, विधवा, टाकलेल्या बाईचं घर हे पूर्ण घर धरा. असं केलं तर वाटणी पातळ होत नाही. बदलतं ते एवढंच की पैसा कुठे गेला हे विचारणारं माणूस घरात आणि सभेत दोन्ही ठिकाणी तयार होतं. खरा विरोध बहुधा तिथेच असतो.

आता तलावातल्या माशाकडे वळू, कारण सभासदत्वाचा प्रश्न आणि तलाव टिकण्याचा प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. या जुन्या तलावांत मरळ, शिंगी, मागूर, दाडक, झिंगे अशी कितीतरी स्थानिक मासळी असते. काठाच्या उथळ पाण्यात, गवतात, पाणवनस्पतींत ती आपणहून वाढते. तिचं बीज विकत आणावं लागत नाही. रोहू-कटला-मृगळचं बीज मात्र तलावात तयार होत नसल्यामुळे दर वर्षी आणून सोडावं लागतं. या तीन जातींची शेती तोट्याची आहे असं अजिबात नाही. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, त्यामुळे एकाच तळ्यात तिघं सुखानं वाढतात आणि बाजारात भाव मिळतो. संस्थेचा ठेका भरला जातो तो याच माशांच्या पैशातून.

बिघडतं कुठे? मोठा मासा हेच एकमेव पीक मानलं गेलं तिथे. मत्स्यशेतीच्या पुस्तकी पद्धतीत बीज सोडण्याआधी तळ्यातले ‘नको असलेले’ मासे मारून टाकायला सांगतात आणि त्यासाठी मोहाची ढेप वापरतात. एका घरच्या लहानशा तळ्यात हे ठीक असेल. गावाच्या तलावात नको असलेला मासा कुणाला नको असतो? टनावारी मोजणाऱ्या खात्याला आणि व्यापाऱ्याला नको असतो. ढिवराच्या चुलीवर तोच मासा शिजतो. विकायला नेलेल्या मोठ्या माशाचा पैसा घरी येताना वाटेत फुटू शकतो. मूठभर झिंगे आणि दाडक थेट भांड्यात पडतात, लेकरांच्या आणि गरोदर सुनेच्या ताटात येतात.

हा केवळ बायांचा हळवेपणा आहे असं कुणी म्हणेल, म्हणून एका शास्त्रज्ञ बाईचं काम इथे सांगायला हवं. भारतीय वंशाच्या, त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या डॉ. शकुंतला थिलस्टेड यांनी बांगलादेशात अनेक वर्षं लहान माशांच्या पोषणमूल्यावर संशोधन केलं. तळ्यातून हटवायचा मासा समजल्या जाणाऱ्या ‘मोला’ या लहानशा माशात जीवनसत्त्व अ भरपूर असतं आणि डोक्या-काट्यासकट खाल्ल्यामुळे त्यातून कॅल्शियमही मिळतं, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. मग कार्प आणि मोला एकाच तळ्यात वाढवायची पद्धत तिथे रुजवण्यात आली. मोठा मासा बाजाराला, लहान मासा घराला. या कामासाठी २०२१ सालचं जागतिक अन्न पारितोषिक त्यांना मिळालं. आपल्या तलावांसाठीही हाच विचार करायला काय हरकत आहे? पण तो करायचा तर चूल सांभाळणारीचं मत संस्थेच्या सभेत यायला हवं. ज्या सभेत फक्त विक्रीचा हिशेब होतो तिथे लहान मासा कुणाला आठवणार?

तलावाच्या तब्येतीचंही तसंच आहे. अनेक तलावांत बेशरम नावाची झुडपं माजली आहेत. ती पाणी व्यापतात आणि माशांच्या अन्नाच्या, निवाऱ्याच्या स्थानिक पाणवनस्पती हटवतात. गोंदिया जिल्ह्यात, नवेगाव बांधच्या परिसरातल्या काही गावांत गेल्या काही वर्षांत ढिवर बायांच्या गटांनी पुरुषांसोबत हे बेशरम उपटून काढलं, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तलावाच्या तळाची मशागत करून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि मासळी वाढल्याचं अनुभवलं. कोणती वनस्पती कोणत्या पाण्यात येते, कोणता मासा कुठे अंडी घालतो, हे ज्ञान त्यांच्याकडे होतंच. संस्थांनी ते नीट मांडायला मदत केली. आणि एकदा काम दिसल्यावर त्या बायांना संस्थेच्या सभासदत्वाचा विषय काढता आला. आधी काम, मग मान, असा क्रम बायांच्याच वाट्याला का यावा, हा प्रश्न आहेच. पण त्या पुढे आल्या, हे महत्त्वाचं.

याच्या उलट उदाहरण गाळ काढण्याचं. गाळ काढून शेतात टाकण्याची सरकारी योजना २०१७ मध्ये सुरू झाली. तलावात पाणी जास्त मावावं, शेताला कस मिळावा, हेतू रास्त आहे. पण यंत्र लावून काठापासून काठापर्यंत सारखाच खोल खड्डा केला तर ज्या उथळ कडेला स्थानिक मासा वाढतो तीच नाहीशी होते. कुठे खोदायचं आणि कुठे हात लावायचा नाही, हे त्या तलावात रोज उतरणाऱ्या बायांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

काही मैत्रिणी म्हणतील की आता मत्स्यशेतीचा मोठा विकास होतो आहे, पैसा येतो आहे, तर त्याचा लाभ बायांना मिळवून द्या, एवढा खल कशाला? मत्स्यशेतीचा विकास कुणाला वर काढतो आणि कुणाला बुडवतो, हे आपण नव्वदच्या दशकात पूर्व किनाऱ्यावर पाहिलं आहे. परदेशी बाजारासाठी कोळंबीची मोठमोठी तळी खोदली गेली. खारं पाणी शेतात आणि विहिरींत शिरलं, भातशेतीतली मजुरी गेली, आणि ती मजुरी मुख्यतः बायांची होती. तमिळनाडूत कृष्णम्माल जगन्नाथन आणि एस. जगन्नाथन यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीन बाया त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. एस. जगन्नाथन यांच्या याचिकेवर ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं किनारी नियंत्रण क्षेत्रातली पारंपरिक पद्धतीची सोडून बाकीची कोळंबी तळी मोडण्याचा आदेश दिला. पुढे २००५ मध्ये संसदेनं किनारी मत्स्यशेती प्राधिकरणाचा कायदा करून नोंदणी केलेल्या तळ्यांना वाट मोकळी करून दिली. सीमेपलीकडे बांगलादेशात खुलना जिल्ह्यात कोळंबी तळ्यांना विरोध करणाऱ्या मोर्चात पुढे असलेल्या करुणामयी सरदार यांना ७ नोव्हेंबर १९९० रोजी गोळी घालून मारण्यात आलं. मत्स्यशेतीच्या विकासाच्या इतिहासात हेही लिहिलेलं आहे. विदर्भाच्या गोड्या पाण्यात खारं पाणी शिरणार नाही. पण भांडवल शिरू शकतं, आणि ज्यांच्या हाती कागद नाही त्यांना ते आधी बाहेर काढतं.

म्हणून योजनांकडे डोळे उघडे ठेवून पाहायला हवं. २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना सुरू झाली. तिच्यात सर्वसाधारण लाभार्थ्याला प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के अनुदान, तर अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के, असं ठरवण्यात आलं. ऐकायला छान वाटतं. पण अनुदान मागायचं तर हाताशी जागा हवी, आणि उरलेली ४० टक्के रक्कम हवी. जिच्या नावावर वावर नाही, जिला संस्थेनं सभासद केलं नाही, जिला बँक उभं करत नाही, ती हे कुठून आणणार? मग ६० टक्क्यांचा लाभ घेतो कोण? ज्यांच्याकडे जमीन आणि पैसा दोन्ही आहे त्यांच्या घरातल्या बाईचं नाव अर्जावर लागतं आणि तळं, बँकेचं पासबुक, विक्री सगळं पुरुषाच्या हाती राहतं. शिवाय टाक्यांतली मत्स्यशेती, पाणी फिरवण्याची यंत्रं अशा लाखो रुपयांच्या प्रकल्पांना मदत मिळते, तेव्हा गावतलावावरच्या पन्नास घरांना लागणारी साधी मदत मागे पडते. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, शेतीप्रमाणे कर्ज आणि वीजदराच्या सवलती देण्याचं ठरवलं. स्वागत करू या. पण शेतीचा दर्जा मिळाला म्हणजे शेतीतला अन्यायही सोबत आला, असं होऊ द्यायचं नसेल तर आत्ताच विचारायला हवं: शेतकरी म्हणून नोंद कुणाची होणार?

बायांना झेपेल, परवडेल आणि तलावालाही मानवेल असं काम नाही असं नाही. एक उदाहरण बीजाचंच. बीजकेंद्रातून येणारं जिऱ्याएवढं लहान बीज थेट मोठ्या तलावात सोडलं तर बरंचसं मोठ्या माशांच्या पोटात जातं. तेच एखाद्या बोडीत दोन-तीन महिने कोंडा आणि ढेपेवर वाढवून बोटाएवढं झालं की सोडलं तर जास्त जगतं. संस्था बोटुकली बाहेरून जास्त भावानं घेतात. हे काम गावातला बायांचा गट करू शकतो, काही ठिकाणी करतोही आहे. भांडवल थोडं लागतं, मुदत कमी असते, गिऱ्हाईक घरचंच असतं. पण त्यासाठी बोडी हवी आणि गावाच्या संस्थेनं त्यांच्याकडूनच बीज घ्यायचं ठरवायला हवं. पुन्हा आपण सभेच्या दारातच येऊन उभ्या राहतो.

दार उघडायला कायदे काही कमी नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्यात जंगल भागातल्या जलाशयांतले मासे आणि इतर उत्पन्न यांवरचा सामूहिक हक्क कलम ३(१)(घ) खाली स्पष्ट लिहिलेला आहे. ढिवरांसारख्या बिगर-आदिवासी पारंपरिक वननिवासींना त्यासाठी तीन पिढ्यांचा म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो, ते कठीण आहे पण अशक्य नाही. आणि गावच्या वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बाया असायलाच हव्यात. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांच्या अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्यानं लहान जलाशयांचं नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवलेलं आहे. हे कायदे आपण जंगल-जमिनीसाठी पुष्कळ वापरले. तलावासाठी आता वापरू या. ते वापरताना ढिवर आणि आदिवासी, ढिवर आणि शेतकरी यांच्यात भांडण लागणार नाही, याची काळजी मात्र घ्यावी लागेल. दोघींच्या चुली त्याच तलावावर आहेत. ग्रामसभेत दोघी एकत्र बसल्या तरच पाणी किती सोडायचं याचा न्याय होईल.

आपल्या मागण्या काय असाव्यात यावर गटागटांत चर्चा व्हावी, म्हणून काही इथे मांडतो. पहिली, मच्छीमार संस्थेत तलावावर काम करणाऱ्या प्रत्येक बाईला स्वतःच्या नावानं सभासदत्व मिळावं, आणि ठेक्याचं नूतनीकरण करताना सभासद यादीत बाया किती याची तपासणी व्हावी. दुसरी, सभासद वारल्यावर त्याच्या जागी पहिला हक्क त्याच्या पत्नीचा असावा. तिसरी, ठेक्याची रक्कम आणि मुदत ठरवताना लहान संस्थांना परवडेल असं पाहावं आणि मोठ्या ठेकेदाराला मागच्या दारानं तलाव देऊ नये. चौथी, अनुदान वैयक्तिक प्रकल्पांपेक्षा बायांच्या गटांना आधी मिळावं आणि ‘महिला लाभार्थी’ म्हणून दाखवलेल्या प्रत्येक प्रकरणाची प्रत्यक्ष पाहणी व्हावी. पाचवी, तलावात कोणते मासे असावेत, गाळ कुठला काढावा, मृत साठा किती राखावा, हे ठरवणाऱ्या समितीत बाया असाव्यात. सहावी, आठवडी बाजारात मासे विकणाऱ्या बायांना ओटा, पाणी, सावली आणि शौचालय मिळावं. शेवटची मागणी तुम्हाला किरकोळ वाटली तर एक दिवस त्या उन्हात पाटीपाशी बसून पाहा.

आणि एक काम आपलं आपण करायचं आहे. तुमच्या तालुक्यातल्या मच्छीमार संस्थांच्या सभासद याद्या मिळवा. सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयाकडे त्या असतात, माहितीच्या अधिकारात मागता येतात. एकूण सभासद किती, त्यात बाया किती, समितीत किती, आणि सभेच्या इतिवृत्तावर सही कुणाची, एवढ्या चारच गोष्टी मोजा. सोबत आपल्या बचत गटांतल्या मासे विकणाऱ्या, वाळवणाऱ्या, बीज वाढवणाऱ्या बायांची केंद्र सरकारनं २०२४ मध्ये सुरू केलेल्या मत्स्यव्यवसायाच्या राष्ट्रीय डिजिटल मंचावर स्वतंत्र नोंदणी करून द्या. मोबाईल घरच्या पुरुषाचा असला तरी नोंद तिच्या नावाची हवी. काय आकडे हाती येतात ते आम्हाला कळवा. कोकणच्या खाडीतल्या, उजनी-जायकवाडीच्या काठच्या, खानदेशातल्या भोई-कोळी वस्त्यांवरच्या मैत्रिणींनीही कळवावं. पुढच्या अंकात ते सगळे एकत्र छापू आणि तीच यादी घेऊन येत्या १० जुलैला मत्स्यव्यवसाय खात्याच्या दारात जाऊ. दिवस मत्स्यशेतकऱ्यांचा आहे, तेव्हा आपल्यालाही निमंत्रण आहे असंच धरू.

संपादक मंडळाच्या वतीनं